समोरच्या वहिनींची थोरली आणि तिचे नवे बूट

ही वही कुणाच्या हाती लागलीच, तर आधीच माफी मागते. माझं शिक्षण निपाणीकडच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ तेव्हाही कळलं नाही, आणि अगरबत्त्या वळून वळून बोटं अशी झालीत की अक्षर ओळीत चालत नाही. चार माणसांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहिते. पण एक गोष्ट ठामपणे लिहिते. आमच्या समोरच्या वहिनींच्या थोरलीसारखं माणूस अख्ख्या म्हैसुरात दुसरं नाही.

ती लहान असताना डॉक्टरांनी वहिनींना सांगितलं होतं, हिची बुद्धी वयाच्या मागे राहील. आता ती अठ्ठावीस वर्षांची आहे. मी लग्न होऊन इथे म्हैसूरच्या विजयनगर भागात आले तेव्हापासून तिला पाहते आहे, आणि मला वाटतं, मागेबिगे काही राहिलेलं नाही. ही पोरगी बुद्धी राखून वापरते, कारण ती सगळंच राखून वापरते. म्हैसूरपाक दिला तर कडेकडेने कुरतडून मधला मऊ भाग वाटीखाली झाकून ठेवणार, आणि तो बहुतेक वेळा मुंग्या खाणार. दसऱ्याला घेतलेला ड्रेस पुढच्या दसऱ्याला घालणार. बन्नूरला मावशीकडे जाताना बसमध्ये खिडकी मिळाली तर तिथे दुसऱ्या कुणाला बसवून स्वतः उभी राहणार, आणि उसाचे मळे लागले की त्या माणसाला म्हणणार, "आता उठा, आता बघण्यासारखं आलं." लोक उठतात, हे नवल. विनोद सकाळी सांगितला तर संध्याकाळी हसते. एकदा माझ्या यजमानांनी सकाळी काहीतरी गंमत केली. रात्री आम्ही जेवायला बसलो आणि समोरच्या घरातून हसण्याचा मोठा आवाज आला. यजमान म्हणाले, "पोचला." मला नेहमी प्रश्न पडतो, दिवसभर ती ते हसू ठेवते कुठे?

ती ज्या संस्थेत कापडी पिशव्या शिवते, तिथल्या सरांना तिचं पळणं सापडलं. वार्षिक खेळांत ती शेवटून पहिली असायची, आणि शेवटची वीस पावलं राहिली की सगळ्यांना मागे टाकायची. सर कन्नडमध्ये "ओडू, ओडू" म्हणजे पळ, पळ, असं ओरडून घसा बसवून घ्यायचे, पण ही आपल्या वेळेलाच सुटायची. तशीच जिल्ह्यात पहिली आली, राज्यात पहिली आली, आणि तिच्यासारख्या, बुद्धीनं सावकाश असलेल्या खेळाडूंची जी जगभरची स्पर्धा परदेशात भरते, तिच्यासाठी हिची निवड झाली. पळणं, पोहणं, चेंडूचे खेळ, सगळं असतं म्हणे तिथे. तिला कोट मिळाला, बॅग मिळाली, नवे पांढरे बूट मिळाले. दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात.

"अक्का, दोन हजार दे."

"कशाला गं?"

"बूट घ्यायला."

"अगं, कालच मिळाले ना?"

"ते शर्यतीचे."

"मग हे कसले?"

"हे सरावाचे. ते राखून ठेवलेत."

मागून वहिनी आल्याच. "अय्यो, बघ गं ही! नवे बूट पेटीत घालून कपाटात, आणि हिला आणखी बूट! तू देऊ नकोस, सुम्ने नादी लागू नकोस हिच्या." सुम्ने म्हणजे उगीच. पण माझ्याकडे डब्यात होते, आणि जन्मात पहिल्यांदा कुणी माझ्याकडे उसने मागत होतं. मी दिले. अट तिनेच घातली. शुक्रवारी पगार मिळतो, दर शुक्रवारी वीस रुपये.

निघायच्या दिवशी गाडीभोवती सगळी गल्ली जमली. जो तो उपदेश करत होता. मी सगळ्यांच्या मागे. ती गर्दीतून वाट काढत माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "अक्का, तू काहीच सांगितलं नाहीस." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी गडबडले आणि तोंडाला आलं ते बोलले, "जपून जा. जोर राखून धाव." तिने एवढ्या गंभीरपणे मान हलवली की मला बरं वाटलं.

पुढचं सरांनी आल्यावर सांगितलं. तिथे आधी एक दिवस सगळ्यांना पळवतात आणि सारख्या वेगाच्यांचे गट करतात, म्हणजे शर्यत बरोबरीची होते. हिने सरांना विचारलं, "आज पदक देणार?" सर म्हणाले, "पदक परवा. पण आज पूर्ण जोर लाव, आजच्यावर गट ठरतो." हिने त्यातलं पहिलं वाक्य घेतलं. सरावाचे बूट घालून, बघणाऱ्यांना हात हलवत, ती आरामात धावून आली. हळू धावणाऱ्यांच्या गटात पडली. परवाच्या दिवशी मात्र पेटी उघडली, नवे बूट घातले, आणि पहिल्या पावलापासून अशी सुटली की बाकीच्या वळणावर असताना ही पोचून पाणी पीत होती.

इथे फोन आला. वहिनी फाटकातून ओरडल्या, "पहिली आली गं!" आम्ही साखर वाटली. तासाभराने दुसरा फोन आला. आधीच्या दिवसापेक्षा फारच जोरात धावलं तर पहिल्या दिवशी मुद्दाम हळू धावली असं समजतात आणि बाद करतात. नियम बरोबरच आहे, नाहीतर कुणीही सोप्या गटात शिरेल. पण वहिनी पायरीवर बसल्या त्या उठेनात. "जोरात धावली म्हणून बाद? असं कुठं असतं का गं?" मी घरात जाऊन दार लावून घेतलं. राखून धाव, असं कोण म्हणालं होतं, ते मलाच ठाऊक होतं.

ती परत आली ती ऐटीत. भेटेल त्याला सांगायची, "मी फार जोरात धावले, म्हणून काढलं." पण नवे बूट पेटीत गेले ते गेलेच. सर दोनदा बोलवायला आले. ती म्हणाली, "पदक असेल त्या दिवशी येते." सर म्हणाले, "असं असतं का? सराव नाही तर निवड नाही, आणि मग पळणंच नाही." ती पिशव्या शिवायला बसली.

शुक्रवार मात्र चुकला नाही. संध्याकाळी यायची, वीसची नोट ठेवायची, माझ्या काड्यांच्या जुड्या बांधायची, चहा प्यायची. दर शुक्रवारी मी ठरवायची, आज सांगून टाकू, आणि दर शुक्रवारी चहाच पुढे करायची. असे नव्याण्णव हप्ते झाले. शंभरावा आला नाही. ती आली, जुड्या बांधल्या, चहा प्यायली, निघाली.

"अगं, एक नोट राहिली ना?"

"राखून ठेवलीय."

"कधीसाठी?"

"बघू."

असे किती शुक्रवार गेले. खरं सांगते, मला ते आवडत होतं. पण तिचे पाय जुड्यांशेजारी दुमडलेले बघवेनात. शेवटी एकदा खाली बघतच मी म्हणाले, "त्या दिवशी मीच म्हणाले होते, जोर राखून धाव. माझ्यामुळे तुझं पदक गेलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मी तर लहानपणापासून राखते, अक्का. तुला काय वाटलं, तू शिकवलंस?" आणि हसली. तिथल्या तिथे, संध्याकाळची वाट न बघता. तशी संध्याकाळच होती म्हणा.

मला धीर आला. "मी तुला पळताना कधी बघितलंच नाही गं. मैदानात चारचौघांत यायला मला जमत नाही. कधी बघणार मी?" तिने उत्तर दिलं नाही. ते तिने ठेवून दिलं असणार.

चार दिवसांनी सकाळी मी रांगोळी घालत होते. कोपऱ्यावरच्या दुकानाकडून काहीतरी पांढरं येताना दिसलं. नवे बूट. दूधवाला सायकल घेऊन भिंतीला चिकटला. ती आमच्या दारावरून गेली, देवळापाशी वळली आणि तशीच परत आली. मी फाटकाबाहेर रस्त्याच्या मधोमध उभी राहून "ओडू, ओडू" ओरडत होते, हे मला दूधवाला बघायला लागल्यावर कळलं.

ती थांबली. दम लागला होता. मोज्यातून एक ओली नोट काढली.

"आज काय आहे गं?" मी विचारलं.

"आज? आज मंगळवार."

"मग एवढी घाई काय? शुक्रवारी दिली असतीस."

"शुक्रवारी मी नाही येणार, अक्का. सरावाला जाणार आहे."

तिने माझा रांगोळीचा हात उघडला, त्यात वीसची नोट ठेवली आणि बोटं मिटवली. दोन हजार पुरे फिटले.