बांधावरची सीताफळं

लातूरच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये शेतातलं सगळं कळणारी बाई म्हणून माझी ख्याती आहे. ती मीच पसरवलेली आहे. खाली गाड्यावर मेथी निवडणाऱ्या शेजारणींना मी गॅलरीतूनच सांगते, की ही जुडी कालची आहे. शाळेत मी विज्ञान शिकवते, आणि फळं कशी पिकतात हा भाग मला इतका पाठ आहे की पुस्तक उघडावं लागत नाही. एवढी तयारी असूनही पुढचं सगळं माझ्याच हातून घडलं.

माझं माहेर अहमदपूरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला. आई-वडील गेल्यापासून शेत धाकटा भाऊ बघतो. दोन वावरांच्या मधल्या बांधावर सीताफळाची सात झाडं होती. ती कुणी लावली नव्हती. लहानपणी तिथं बसून बिया थुंकल्या त्या मीच, असा माझा दावा असे, आणि तो खोडून काढायला कुणाकडे पुरावा नव्हता. दसरा झाला की भाऊ अहमदपूरच्या स्टँडवर येऊन सीताफळांचा एक कट्टा, म्हणजे छोटं पोतं, लातूरच्या एसटीत टाकायचा. इकडे मी रिक्षाने जाऊन तो उतरवून घ्यायची. इमारतीतला माझा वर्षभराचा मान त्या कट्ट्यावर चालायचा.

मागच्या वर्षी दसऱ्याच्या आधीच त्याचा फोन आला.

"अक्का, बांध काढायलोय. दिवाळी झाली की जेसीबी येणार हाय. दोन्ही वावरं एक झाली की हार्वेस्टर सरळ फिरतंय."

"आणि झाडं?"

"झाडं बांधावरच हायत की."

मग मी त्याला अर्धा तास झाडं, पाखरं, जमिनीची धूप आणि आपलं बालपण यांवर ऐकवलं. वर्गात ऐकतात तसं त्यानं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "तोडायला माणूस मिळत न्हाई, अक्का. अर्धी फळं झाडावरच सडायलेत. तू दरसाल येऊन तोडणार असशील तर ठेवतो. यंदा ये, तोडून ने, आन् पिकली का ते सांग."

म्हणजे सात झाडांचा जीव माझ्या हातात आला होता. मला ते फार आवडलं. दरसाल येते, असं मी लगेच सांगून टाकलं.

रविवारी आम्ही निघालो. माझे यजमान नांदेड शहरात वाढलेले. शेताशी त्यांचा संबंध गाडी सावलीत लावण्यापुरता. सोयाबीन निघून गेलेलं होतं, तूर छातीला लागत होती, आणि बांधावर झाडं फळांनी वाकली होती. मी पदर खोचला. पंधरा वर्षांनी तोडायला आले होते, पण हात कुठं विसरतात, असं मी मोठ्यानं म्हणालेही. मोठं दिसेल ते फळ देठापाशी पिरगाळायचं आणि कट्ट्यात टाकायचं, असा माझा सपाटा सुरू झाला. पांढरी पिठी बोटांना लागत होती, मुंग्या बाहीत शिरत होत्या, यजमान मोबाइलवर माझे फोटो काढत होते. मी इतकी खुशीत होते की मला गाणं म्हणावंसं वाटलं.

भावजय शेजारच्या झाडाला होती. ती एकेक फळ हातात घेऊन फिरवून बघायची आणि तसंच सोडून पुढे जायची. मी दोन कट्टे भरले तोवर तिचं टोपलं अर्धंसुद्धा झालं नव्हतं. संसाराच्या रगाड्यात बिचारी मंदावली, असं मला वाटलं. भाऊ बांधावर उकिडवा बसून काडी चघळत होता. एकदा म्हणाला, "अक्का, ते राहू दे की, अजून..." आणि भावजयीकडे बघून गप्प झाला.

आमच्याकडे माहेरी आलेल्या लेकीचा हात कुणी धरत नाही. तिनं काय घ्यावं, किती घ्यावं, याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, ही रीत. माझ्या आत्या लोणच्याची भरलेली बरणी उचलून निघाल्या तरी आई एवढंच म्हणायची, "झाकण नीट लावा, वन्स." हे मला पक्कं ठाऊक होतं. फक्त आता ती आत्या मी झाले होते, हे लक्षात आलं नव्हतं.

निघताना भावजयीनं तिचं टोपलं गवतानं झाकून पुढच्या सीटखाली सरकवलं. "ही आधी खा, वन्स," एवढंच बोलली.

लातुरात मी सगळ्या मजल्यांवर फळं वाटली, प्रत्येकाला सोबत व्याख्यान दिलं. तांदळाच्या डब्यात ठेवा, दोन दिवस हात लावू नका, फ्रिजमध्ये तर मुळीच नको. टोपल्यातली आम्ही घरी खाल्ली. दुसऱ्याच दिवशी ती बोटानं दबत होती, आणि अशी गोड, की यजमानांनी बिया मोजणं सोडून दिलं.

कट्ट्यातली मात्र चौथ्या दिवशी काळी पडली. पाचव्या दिवशीही काळी आणि टणक. एक सुरीनं कापायला गेले तर सुरी अडकली. आतला गर पांढरा, कोरडा, आणि बिया अजून रंगसुद्धा न धरलेल्या. तेव्हा कुठं मला आठवलं. सीताफळाचे डोळे उघडून मधल्या रेषा पिवळसर झाल्यावरच ते तोडायचं असतं, नाहीतर तांदळात ठेवा की गादीखाली, ते पिकत नाही. हे आमच्या गावात पहिलीतलं पोर सांगेल. भावजय फळ फिरवून तेच बघत होती. मी दोन कट्टे भरून दगड आणले होते.

शेजारणी भेटल्या की मी जिन्यात अंग चोरायची. पण त्या फार चांगल्या. "काय गोड होती हो," वरच्या मजल्यावरची म्हणाली. समोरचीनं तर तिच्या यजमानांनी चार खाल्ल्याचं सांगितलं. सकाळी घंटागाडीच्या वेळी खाली गेले तर तिच्या बादलीत माझी सगळी सीताफळं होती, एकही कमी नाही. मला तिचे आभार मानावेत की भांडावं ते ठरेना.

त्याच संध्याकाळी भावाचा फोन आला. "पिकली का, अक्का?"

खरं सांगायला मला दोन शब्द पुरले असते. पण सात झाडं, वीस वर्षांची ख्याती आणि विज्ञानाचा विषय, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. शिवाय टोपल्यातली गोड होतीच, म्हणजे बोलणं अगदीच खोटं नव्हतं. "पिकली," मी म्हणाले, "लई गोड."

"सगळी?"

"सगळी."

 "बरं," तो म्हणाला.

आमच्याकडे बरं म्हणजे मान्य. झाडं वाचली, मी यजमानांना सांगितलं. भाऊबीजेला भाऊ इकडेच येतो, तो आला, जेवला, गेला. बांधाचं मी विचारलं नाही, कारण ठरलेल्या गोष्टीचं काय विचारायचं. उन्हाळ्यात गावी गेले तेव्हा त्या उन्हात शेतावर कोण जातं.

यंदा दसरा झाला आणि शाळेत चाचणीचे पेपर निघाले. दरसाल येऊन तोडते असं मीच कबूल केलेलं होतं. मी फोन केला, "यंदा जमणार नाही रे, तूच कट्टा टाकून दे." तो म्हणाला, "हाव."

कट्टा आला. स्टँडवरून आणून मी तो स्वयंपाकघरात ओतला. सगळी फळं एका मापाची, प्रत्येकाचे डोळे टपोरे उघडलेले, आणि प्रत्येक फळ कागदात गुंडाळलेलं. आमच्या झाडांची फळं कधी अशी शिस्तीची नव्हती. एकाला टोपीएवढं अंग, दुसऱ्याला मुठीएवढं, असला प्रकार. मी भावजयीला फोन लावला आणि सरळ विचारलं, ही बांधावरची का.

 "बांध कुठं हाय वन्स आता. गेल्या दिवाळीनंतरच काढला. ही अहमदपूरच्या बाजारातली हायत. एकेक निवडून आणली ह्यांनी. तुमाला सांगू नको म्हणले होते."

"मी गोड म्हणाले होते ना त्याला."

"तुमी काय तोडलं ते आमी बघितलं होतं की," ती हळूच म्हणाली. "कच्ची निघाली, पुढच्या साली नीट तोडीन, असं म्हणला असता तर ते ठेवणार होते. मला तसं बोलले होते."

मी ओट्याला टेकून खाली बसले. कागद पसरलेले होते, घरभर सीताफळांचा वास होता, आणि मला रडू आलं. जेसीबीला लागला असेल पाव तास. मला त्याआधी दोन शब्द बोलायला तीन आठवडे मिळाले होते.

दोन दिवसांनी मागच्या वर्षीसारखाच भावाचा फोन आला. बांधाचं त्यानं काढलं नाही, मीही काढलं नाही.

"पिकली का, अक्का?"

"पिकली," मी म्हणाले, "सगळी. लई गोड होती."

या वेळी ते अगदी खरं होतं.