इंदूबाई टायगर म्हणेनात

“व्हॉट इज दॅट?” साहेबांनी पुन्हा विचारलं.

समोर वाटेच्या मातीत पंजाचे ताजे ठसे होते. जिप्सीत पुढे ड्रायव्हर, मागे उभं राहून परीक्षा घेणारे साहेब, मी आणि गाईड इंदूबाई. इंदूबाईंनी ठशांकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि तोंड घट्ट मिटलं. त्यांना शिकवलं होतं मीच.

मी नागभीडला ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते. सुट्टीत सफारीच्या महिला गाईडना इंग्रजी बोलायला शिकवायचं काम माझ्याकडे आलं. पास झालं की फॉरेनच्या पाहुण्यांबरोबर बारमाही काम. इंदूबाईंना ते हवंच होतं. नाहीतर धान कापून झालं की पोरांना मागे ठेवून तेलंगणात मिरची तोडायला जाणं आलं.

मी दणकून ड्रिल घेतलं होतं. ड्रिल म्हणजे एकच वाक्य सगळ्या वर्गानं इतक्यांदा म्हणायचं की ते तोंडात बसतं. माझ्या निम्म्या वाक्यांत टायगर होता. वर्गात सगळ्यांत मोठा आवाज इंदूबाईंचा. मग आता झालं काय?

“सांगा ना, इंदूबाई. काल तर घडाघडा म्हणत होतात.”

त्या माझ्या कानाशी आल्या. “येते मले, मॅडम. पर इथी नाई म्हनत.”

“काऊन?” घाईत माझ्याही तोंडून इथलंच निघालं.

“नाव घेतलं का थो येते.”

“अहो, पण हे इंग्रजी आहे!”

“त्याले समजत नसन का? इतके फॉरेनर येऊन राह्यले ना.”

मला हसू आलं. ड्रायव्हर मात्र हसला नाही.

“मॅडम, व्होकॅब्युलरीच नाही हिची,” साहेब म्हणाले. म्हणजे शब्दसंग्रह.

तेवढ्यात इंदूबाई हलक्या आवाजात बोलायला लागल्या. “सर, ही वॉक्ड हिअर. टुडे मॉर्निंग. बिग मेल. ही वेंट टू वॉटर. प्लीज सिट डाऊन.”

साहेब मुकाट्यानं खाली बसले. पण बसल्यावर विचारलंच, “हू इज ही?”

इंदूबाई पुन्हा गप्प. साहेबांनी नापास केलं.

परत येताना माझा तोल गेला. “एका शब्दापायी मिरची तोडायला जाणार का?”

त्या बाहेर बघत म्हणाल्या, “मोहाची फुलं वेचाले गेलो होतो आमी. माह्या जावेनं मस्करीत नाव घेतलं. सासूले नेलं त्यानं.”

मला फार वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर गोंधळ जास्त झाला. नाव घेतल्यानं जनावर येतं, हे मला पटत नाही. मग मी काय करायला हवं होतं? टायगर शिकवायचाच नाही? मग ते कसलं इंग्रजी? आणि वर्गात त्या एवढ्या जोरात म्हणायच्या, ते चालत होतं का त्यांना? मी कधी विचारलंच नव्हतं. चूक साहेबांची म्हणावी, तर त्यांचंही बरोबर होतं. गाईडनं जनावराचं नाव सांगायला नको?

दुसऱ्या दिवशी साहेबांना गाठलं. “राहिलेला एक प्रश्न आमच्या वर्गाच्या हॉलमध्ये विचारा.”

“गाईडची परीक्षा हॉलमध्ये? उद्या पोहण्याची बाकावर घ्याल!”

बरीच हुज्जत घातली. शेवटी वैतागून त्यांनी इंदूबाईंना हॉलमध्ये बोलावलं आणि भिंतीवरच्या चित्राकडे बोट केलं.

“टायगर!” इंदूबाई इतक्या मोठ्यानं ओरडल्या की शिपाई आत डोकावला. झाल्या पास.

बाहेर आल्यावर मी विचारलं, “आता पाहुण्यांना जंगलात काय सांगाल?”

“ही.”

“आणि त्यांनी विचारलं, हू इज ही?”

“मंग म्हनीन, प्लीज वेट टिल द गेट.”

हे वाक्य मी शिकवलेलं नव्हतं. त्यात चूकही नव्हती. आता नव्या बॅचला पहिल्याच दिवशी विचारते, कोणता शब्द कुठं बोलायचा नाही. बी.एड.ला आम्हाला वर्गाला बोलतं कसं करायचं, तेवढंच शिकवलं होतं.