प्रभूची मूठ

चुलीच्या डाव्या अंगाला, धुरानं काळवंडलेल्या कोनाड्यात एक मडकं असे. त्याच्या तोंडावर आईच्या जुन्या लुगड्याचं फडकं बांधलेलं, आणि त्या फडक्याला राख, ज्वारी आणि उन्हाचा मिळून एक उबदार वास... दळणासाठी धान्य काढलं की आई आधी एक मूठ त्या मडक्यात टाकायची. ती प्रभूची मूठ. सुगीनंतरच्या एका रविवारी सोलापुरातल्या आमच्या लहानशा चर्चमध्ये वेदीपुढे पांढरी चादर अंथरत, घरोघरची मडकी तिच्यावर रिती होत, आणि ती रास मग मंडळीतल्या निराधारांच्या घरी जाई.

बहात्तरच्या दुष्काळात वडील वळसंगकडे खडी फोडायला गेले. घरात रेशनचा लाल मिलो येऊ लागला – परदेशी ज्वारीचाच प्रकार, कुबट वासाचा, भाकरी थापताना चिरफाळणारा. तोही पुरेना. तरी आईची मूठ चुकली नाही. ती टाकताना आई काहीतरी गुणगुणायची, आणि तिच्या ओढलेल्या चेहऱ्यावर जो उजेड यायचा त्याचा मला तेव्हा राग येई. मी नऊ वर्षांची होते, माझी धाकटी बहीण रूथ चार.

गिरणीचा दुपारचा भोंगा झाला की आई घागरी घेऊन टँकरच्या रांगेत जायची. तेवढ्यात मी फडकं सोडायची, विझत्या निखाऱ्यांवर तवा ठेवून दाणे भाजायची. खमंग वासानं रूथ जवळ येऊन हात पसरून बसे. दोन चिमटी तिला, उरलेले मला.

"आक्का, अजून हाय का?" ती विचारायची.

पाठीमागे मूठ आवळून मी म्हणायची, "न्हाय."

कितीतरी दुपारी...

पौषात रूथला जुलाब लागले आणि चार दिवसांत ती गेली. तिची पेटी वडिलांनी एकट्यानं उचलली.

पुढच्याच महिन्यात तो रविवार आला. कोनाड्यातून मडकं उतरवतानाच आईच्या हातांना त्याचं हलकेपण कळलं असावं. तिनं फडकं सोडलं, तळाशी पाहिलं, मग माझ्याकडे. रागाचा मागमूस नव्हता.

"रूथनं खाल्लं व्हय?"

मी होकारार्थी मान हलवली.

आईनं मडकं छातीशी धरलं. "म्हणजे लेकरू अगदीच उपाशी गेलं न्हाय," ती म्हणाली. "मग प्रभूला पोचलं की."

चादरीवर तिनं ओतलेले ते थोडेसे दाणे... त्यांचा आवाज इतका कमी होता, की अजून ऐकू येतो. उपकारस्तुतीच्या गीताला सगळ्यांत वरचा सूर आईचा होता. महिन्याभरापूर्वी मूल पुरलेली ती बाई आनंदानं गात होती, खऱ्या आनंदानं. आणि शेजारी उभी राहून मी नुसते ओठ हलवत होते.

तो आनंद तिला आयुष्यभर पुरला. भेटायला येणाऱ्यांना ती सांगायची, माझ्या रूथला प्रभूनं आपल्या मुठीतलं भरवलं. शेवटच्या आजारपणातही तिनं हेच सांगितलं. मी उशाशीच बसले होते. खरं सांगायला तोंड उघडलं, आणि तिला पाणी पाजलं.

आता आई नाही. माझ्या स्वयंपाकघरात कोनाडा नाही. तांदळाच्या डब्याशेजारी एक लहान डबा आहे, एवढंच. दुपारी त्यात मूठ सोडते. दाणे पडतात, थांबतात, आणि त्या शांततेत कुणीतरी विचारतं – आक्का, अजून हाय का?

मी दुसरी मूठ भरते.