जज्जसाहेब आणि माझी सव्वा मूठ

पाचोरा स्टेशनावर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अख्ख्या फलाटाला सांगितलं होतं, "मना पोऱ्या अमेरिकामा जज्ज व्हई!" वकिलीची पदवी माझी, हौस आबांची. गाडी सुटली तरी आई खिडकीबरोबर चालत राहिली.

जज्ज कसला होतोय! मी इथल्या फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कोर्टात कारकून झालो. पण गावाकडच्यांनो, आणि माझ्यासारखे उठून गेलेल्यांनो, एक जज्ज मला इथं भेटले. शंभरेक वर्षांपूर्वीचे. कॉरिडॉरमध्ये त्यांची तसबीर आहे आणि त्यांच्या कारकिर्दीवर चार ओळी लिहायचं काम माझ्याकडे आलं. शेतकऱ्याचा मुलगा, परक्या गावात येऊन वकिली केली, राष्ट्राध्यक्षांनी नेमलं, आणि मरेपर्यंत त्याच खुर्चीत बसला. फेडरल जज्जाची नेमणूक जन्मभराची. रेल्वेचे दावे, चोरट्या दारूचे खटले... दुपारचं पिवळं ऊन टेबलावर आलं की वाचता वाचता मला आमच्या भडगावची गिरणा नदी दिसायची, आणि कोट हातावर टाकून वाळूतून चाललेले जज्जसाहेब. खुळ्यासारखंच, पण दिसायचे.

त्यांनी एका हिंदुस्थानी मजुराला नागरिकत्व दिलं होतं. पुढं वरच्या कोर्टानं हिंदुस्थानी माणसांना गोरे नाहीत म्हणून अपात्र ठरवलं आणि त्या बिचाऱ्याचं नागरिकत्व गेलं. ना इथला, ना तिथला. ते वाचून माझा जीव थाऱ्यावर राहिना, कारण जज्जसाहेबांच्याच दालनात पुढच्या आठवड्यात माझी नागरिकत्वाची शपथ होती.

शपथ घेतली की भारताचं नागरिकत्व सुटतं. पासपोर्टाचं मला एवढं नव्हतं, धास्ती कानबाईची होती. श्रावणात आमच्याकडे खान्देशात घरोघरी ही देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढतात, आणि तो रोट भाऊबंदांनीच खायचा. परक्याला कणही नाही. मग आता मी परका का?

आबांना विचारायची छाती झाली नाही. आईला फोन केला. ती खळखळून हसली.

"कागदवर तू कोनाबी व्हय रे भाऊ. गहू काढनारी मी शे ना?"

शपथेला हात वर केला तेव्हा मला तो मजूर आठवला. त्याच्याही नावानं कुठल्याशा खेड्यात कुणी गहू काढत असेल का? असेल, तर कोर्टानं काहीही म्हणो, तो बेघर नव्हता. आमच्या घरी तर आईच्या निकालावर अपीलच नाही.