बशीत बरी झालेली जखम

मामींचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. "ये बाई... मामा गेलं गं तुझं," एवढंच त्या म्हणाल्या. त्याला आता सहा आठवडे झाले.

मामा-मामींना मूलबाळ नव्हतं. शाहूपुरीतल्या त्यांच्या घरी राहूनच मी शिकले. मामा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत वितळलेलं लोखंड साच्यांत ओतायचे. साखरेच्या आजारानं पाय बधिर झालेले, त्यामुळे बुटात उडालेली ठिणगी त्यांना कळलीच नाही. मोजा रक्तानं चिकटला तेव्हा मामींनी पाहिलं. जखम भरेना. अँटिबायोटिकं एकेक करून निकामी ठरली आणि दुसऱ्या मजल्यावरचा हा बोलका माणूस वर्षभर जिना उतरला नाही. गॅलरीतून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारायचे, पुढं पुढं तेही थांबलं.

आणि माझं संशोधन नेमकं असल्याच जखमांवर! आपलं शरीर जंतूंशी लढायला प्रथिनांचे बारीक तुकडे तयार करतं, त्यांना पेप्टाइड म्हणतात. तसे तुकडे आम्ही घडवतो आणि कोणत्याच औषधाला न जुमानणारे जंतू त्यांनी मरतात का ते पाहतो. कौतुकानं हे मीच मामांना सांगून बसले. मग दर रविवारी तेच...

"अगं, मग लाव की माझ्या पायाला!"

"मामा, माणसावर चाचणी झालेली नाही अजून. काही अपाय झाला तर?"

"आता काय लई बरं चाललंय व्हय?"

औषध फ्रिजमध्ये, मामा खाटेवर आणि मधे मी... ना देता येत होतं, ना त्यांच्या नजरेला नजर. शेवटी तेच म्हणाले, "माझ्यावर न्हाय तर माझ्या जंतूंवर तरी बघ." डॉक्टरांनी रीतसर नमुना घेतला, संमतीच्या कागदावर मामांनी सही केली.

पंधरवड्यात पायाचा अंगठा काढावा लागला, मग विष रक्तात भिनलं. त्याच आठवड्यात काचेच्या बशीत वाढवलेले त्यांचे जंतू आमच्या पेप्टाइडनं मेले. औषधाच्या थेंबाभोवती स्वच्छ गोल पडला होता. सांगू की नको... दवाखान्यात कानाशी वाकून सांगितलं. मामा हसले. "म्हंजे बशीत मी बरा झालो म्हण की!" तेच आमचं शेवटचं बोलणं.

मामींनी मला एका शब्दानं काही विचारलेलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

काम चालूच आहे. मामांचे जंतू फ्रीजरमध्ये एका कुपीत गोठवलेले आहेत. कुपीवर नाव नाही, नुसता नंबर. मला तो पाठ आहे. काल ते पुन्हा बशीत वाढायला ठेवले. आज सकाळी बशी भरून गेली होती. मामांच्या देहातून आलेलं, अजून जिवंत असलेलं, एवढंच काय ते माझ्या हाती उरलंय... आणि त्याला मारणं, हेच माझं काम.