एका रात्रीत वाढलेली मेथी

माझ्या अंगणात संध्याकाळी पेरलेली मेथी सकाळी वीतभर वाढलेली असते. शेतकी कॉलेजवाल्यांनी खुशाल येऊन बघावं. फक्त सकाळी साडेसहाच्या आत येऊ नये!

त्याचं असं झालं. आम्ही मूळचे नांदेडकडचे. ह्यांच्या रेल्वेतल्या नोकरीपायी सिकंदराबादला आलो आणि इथलेच झालो. हे जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा मिलिंद हैदराबादेतच, पण शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, अठराव्या मजल्यावर. एका गावात राहून महिन्यातून एकदा भेट! घरात मी एकटी. खोटं कशाला बोलू, फार एकटी. भाजीवाल्या यादम्माशी दोन शब्द बोलायला मिळावेत म्हणून मी रोज भाजी घ्यायची. खाणारं तोंड एक, आणि फ्रिजमध्ये चार जातींच्या पालेभाज्या!

त्या मे महिन्यात मिलिंद त्याच्या सहा वर्षांच्या मुलीला, मैत्रीला, आठ दिवस माझ्याकडे सोडायला तयार झाला. सूनबाईंनी, म्हणजे स्नेहानं, अट घातली. "आई, ती कंटाळली, रडली, तर लगेच फोन करा. त्याच दिवशी घेऊन जाऊ. राहिली नीट, तर मग दर सुट्टीत पाठवू." म्हणजे परीक्षा नातीची नव्हती, माझीच होती.

पहिल्याच दुपारी मैत्री म्हणाली, "आजी, बोअर होतंय. घरी कधी जायचं?"

नुकताच फोनवर कुणीतरी मेसेज पाठवला होता, की मुलांना बागकामाला लावा, संयम शिकतात. लगेच तिला अंगणातल्या हातभर रुंद वाफ्यापाशी नेलं. दोघींनी मिळून मेथीचे दाणे पेरले, माती सारखी केली, झारीनं पाणी घातलं. स्वारी खूश!

"आता कधी येणार मेथी?"

"चार-पाच दिवसांत कोंब दिसतील बघ."

"चार-पाच दिवस?" खालचा ओठ बाहेर आला. "मग मी घरी जाते. मेथी आली की व्हिडिओ कॉल कर."

घ्या! संयम शिकायच्या आधीच विद्यार्थिनी निघाली. मग मी काय करणार? दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला यादम्मा आली. तिच्याकडून मेथीचा कट्टा घेतला (आमच्याकडे जुडीला कट्टाच म्हणतात), चांगला मुळांसकट. आणि गुडघे टेकून एकेक काडी मातीत खोचायला बसले. अडुसष्ट वर्षांचे गुडघे, काय सांगू!

यादम्मा टोपली घेऊन तशीच उभी. "क्या करते अम्मा?"

"पेरतेय."

"वो तो खाने की है!"

"चूप गे! पोरगी उठेल!"

पोरगी सातला उठली आणि नाचायलाच लागली. "आजीऽऽ! मेथी आली! एकदम फुल साइज!" घरी जायचं नाव नाही. मात्र नऊच्या उन्हात मेथीनं माना टाकल्या.

"हिला काय झालं?"

"झोप आली तिला. चल, तोडून घेऊ पटकन."

इथं थांबले असते तर मी शहाणी ठरले असते. पण त्या संध्याकाळी मैत्रीनं टोमॅटोच्या बिया पेरल्या आणि सकाळी टोमॅटो मागितले. कोपऱ्यात टोमॅटोचं एक वाळकं झाड होतं, त्याला मी यादम्माचे सहा टोमॅटो काळ्या दोऱ्यानं बांधले. मैत्रीनं जवळ जाऊन निरखून पाहिलं.

"आजी, दोरा कशाला?"

"दृष्ट लागू नये म्हणून!" मी बोलून गेले आणि माझीच जीभ मी चावली. (आमच्या घरात दृष्ट-बिष्ट कुणी मानत नाही. ह्यांनी उभा जन्म विहारात अंधश्रद्धेवर भाषणं केली. भिंतीवर बाबासाहेब, शेजारी हे, आणि बायको अंगणात टोमॅटोला काळा दोरा बांधतेय!) त्या दिवशी मी भिंतीकडे बघितलंच नाही.

पाचव्या दिवशी भुईमुगाचे दाणे पेरून मैत्री म्हणाली, "आता शेंगा!" यादम्मा शेंगा आणत नाही. म्हणून संध्याकाळी कोपऱ्यावरच्या गाड्यावरून घाईघाईनं पुडा आणला, न उघडता लपवला आणि सकाळी चष्मा न लावताच त्यातल्या शेंगा मातीत पुरल्या. मैत्रीनं खुरप्यानं उकरलं, पाच-सहा शेंगा निघाल्या. तिनं एक नळाखाली धुतली, फोडली, दाणे तोंडात टाकले. आणि माझ्याकडे बघत राहिली.

"आजी, ह्या उकडलेल्या आहेत."

हार मानली तर घरी जाईल ना. "अगं, हैदराबादचं ऊन आहे हे! जमीन केवढी तापते!"

"आणि मीठ?"

"मीठ... अगं, माती खुरपताना माझा घाम गळतो ना!"

फाटकात यादम्मा हसून हसून खाली बसली. "हमारे खेत में तो कच्चेच निकलते, अम्मा!" मैत्रीनं शांतपणे उरलेल्या शेंगा धुतल्या आणि निम्म्या मला दिल्या.

आठव्या दिवशी मिलिंद न्यायला आला. मी आत चहा टाकत होते, बाप-लेक अंगणात. मैत्रीचा आवाज आला.

"पप्पा, आजी रोज सकाळी मार्केटची भाजी मातीत लावते. मी खिडकीतून बघते. मग झोपून जाते, खोटी-खोटी."

"रोज? अगं, मग सांगितलं का नाहीस तिला?"

"नक्को पप्पा. ती किती हॅपी होते. तिच्यासोबत खेळायला कुणीच नाही ना."

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला आणि तिथंच उभी राहिले. डोळे भरून आले ते थांबेनात. जरा वेळानं मिलिंद आत आला. मी पदरानं ओटा पुसत होते. त्यानं माझ्या हातातून पदर सोडवला, फडकं दिलं आणि स्नेहाला फोन लावून फोन मैत्रीच्या हातात दिला.

"काय गं," स्नेहानं विचारलं, "आजीकडे राहायला जमलं का?"

"मला जमलं मम्मी," मैत्री गंभीरपणे म्हणाली. "आजीलाच एकटीला राहायला जमत नाही. तिला शिकवायला अजून आठ दिवस लागतील."

त्याला आता तीन वर्षं झाली. मैत्री दर सुट्टीत येते आणि माझी शिकवणी घेते. माझा अभ्यास अजून कच्चाच आहे, आणि तो कधीही पक्का होऊ नये याची मी पुरेपूर काळजी घेते!