पुतळ्याविना चौथरा

गावाने धाकट्या भावाचा पुतळा माझ्याकडेच मागितला. मी शिल्पकार, पुण्यात विद्यार्थ्यांना शिल्पकला शिकवतो. भाऊ सैन्यात गाडी चालवायचा. डोंगरातल्या रस्त्यावर त्याची गाडी दरीत गेली. जुन्या संस्थानाच्या औंधच्या पुढे आमचं गाव. तिथे शाळेसमोरची जागा ठरली. आई एवढंच म्हणाली, "त्येचं त्वांड तेवढं नीट कर."

मी तोंड केलंच नाही. काळ्या दगडाचा चौथरा बांधला आणि त्यावर कोरलं : 'डोळे मिटा. तो समोर आहे.'

ही माझी सवयीची वाट होती. पुण्यातल्या एका प्रदर्शनात मी नुसती मोकळी भिंत ठेवली होती आणि शेजारी चार ओळी. वस्तू नाही, फक्त सूचना. कलाकृती घडते ती बघणाऱ्याच्या मनात. जाणकारांनी पाठ थोपटली होती. गावातही मी अनावरणाच्या दिवशी हेच भाषण केलं. पडदा ओढला. मागून कुणीतरी ओरडलं, "गड्या, पुतळा वाटंतच उतरवला काय रं कुनी?" हशा पिकला. सरपंच माझ्या कानाशी आले. "आवं, मागनं येनार हाय नव्हं?"

आई हसली नाही. लेकाने सांगितलंय म्हणून तिने पदर सावरला, चौथऱ्यापुढे उभी राहिली आणि डोळे मिटले. बराच वेळ. लोक गप्प झाले. मला वाटलं, जमलं. खरंच वाटलं, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

"दिसला का, आई?"

"पेटी दिसती," ती म्हणाली. "डोळं झाकलं की पेटीच दिसती रं. तिच्यात त्यो हुता का न्हवता, मला काय ठावं?"

ती पेटी उघडायची नाही, हे मीच ठरवलं होतं. शवपेटी विमानाने पुण्यात आली तेव्हा ओळख पटवायला मी एकटा गेलो होतो. तो चेहरा मी पाहिला आणि गावाकडे निघताना बरोबरच्या जवानांना सांगितलं, घरी झाकण काढू नका. त्या दिवशी ते बरोबर होतं, असं मला अजूनही वाटतं. पण नंतर मातीला हात लावला की तोच चेहरा बोटांखाली यायचा. नाकापर्यंत पोचायचो आणि गोळा मोडायचो. त्याचा फोटो समोर असायचा, उपयोग व्हायचा नाही. म्हणून मी चौथरा रिकामा ठेवला. त्यात विचार नव्हता, भीती होती. विचार मी नंतर चिकटवला, आणि जे बघायची ताकद माझ्यात नव्हती ते बघायचं काम आईवर टाकलं.

त्या दिवशी घरी आल्यावर तिने विचारलं, "तू बघितलंस नव्हं त्येला? कसा हुता?"

"झोपल्यागत."

"मग तसाच कर की. हुबाच पायजे आसं न्हाई. झोपलेला कर. मी बसंन उशाशी."

मी "करतो" म्हणालो. एका खोट्यावर दुसरं.

वर्षभर वाट बघून गावाने सांगलीहून फायबरचा तयार पुतळा आणला. टेम्पोतून आला, माझ्याच चौथऱ्यावर बसवला. छाती पुढे, मिशा पिळदार, गाल गुलाबी. भावाला मिशा नव्हत्या. मी ओठ चावत उभा होतो. कलेच्या नावाने दोन शब्द बोलणार होतो, तेवढ्यात आई म्हणाली, "ह्यो कुनाचा लेक हाय कुनाला ठावं. पर ह्येला त्वांड तरी हाय."

आता गावी गेलो की ती विचारते, "झोपल्याचं कुठवर आलं?" मी म्हणतो, माती भिजवलीय. माती खरंच भिजवलेली असते. ती मान डोलावते आणि माझ्या बायकोला सांगते, चांगलं काम हाय, टाइम लागनारच. माझ्या कामाबद्दल असं मनापासून आजवर कुणी बोललेलं नाही, आणि ज्या कामाबद्दल ती बोलते, त्यातला चेहरा ती कधीच बघणार नाही. तो करायचा तर खरं सांगावं लागेल, नाहीतर मातीतही खोटं बोलावं लागेल. दोन्ही माझ्याने होत नाही. ती ऐंशीच्या पुढे गेलीय. मी कशाची वाट बघतोय, ते मला कळतं, आणि ते लिहायला हात धजत नाही.